खेळतं पाणी

कॉम्प्युटरच्या पोटातून पाणी फिरवणं ही हौस आहे, मान्य. पण हौस विकत घेता येते. त्यातून मिळणारी शांतता मात्र दर वर्षी घासूनपुसून मिळवावी लागते.

‘पाणी’ आणि ‘कॉम्प्युटर’ हे दोन शब्द एका वाक्यात आले, की बहुतेकांना आठवतो तो कीबोर्डवर सांडलेला चहा. त्यामुळे ‘माझ्या कॉम्प्युटरमधून लिटरभर पाणी सतत फिरत असतं’ असं सांगितलं, की समोरचा आधी हसतो आणि मग ‘सिरियसली?’ विचारतो. घरी आलेले पाहुणे कॅबिनेटच्या काचेतून आत डोकावतात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा प्रश्न तर ठरलेला, ‘‘दादा, ह्यात मासे कधी सोडणार?’’

मासे नाहीत, मावशी. आहे ते एवढंच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावर तांब्याचा एकेक पोकळ ठोकळा बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. पंप पाणी ढकलतो. पाणी ब्लॉकमधून जाताना चिपची उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं आणि पुन्हा टाकीत येतं. गाडीच्या इंजिनात जे चालतं तेच, फक्त छोट्या आकारात. यातलं काही तयार जोडून मिळत नाही. ब्लॉक, पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या, फिटिंग्ज सगळं सुटं आणायचं आणि आपल्या हाताने जोडायचं. म्हणून हा कस्टम लूप.

आणि हा काही गेमर पोरांनी काढलेला फंडा नाही बरं का! १९८० साली आलेल्या आयबीएम ३०८१ या मेनफ्रेममध्ये चिप्स पाण्याने थंड ठेवल्या जात. २००४ मध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी-५ चं लिक्विड कूलिंगवालं मॉडेल थेट टेबलाशेजारी आणून ठेवलं. इतकं लांब कशाला, आमच्या पुण्यात पाषाणला, आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटरही चिपपर्यंत नेलेल्या द्रवानेच थंड होतो. तेव्हा मी फार काही वेगळं करतोय अशातला भाग नाही. फक्त त्यांच्याकडे देखभालीला स्टाफ आहे आणि माझ्याकडे एक जुना टूथब्रश.

झोप आणि पंखे

आता हा उपद्व्याप कशासाठी? माझं काम थ्रीडीचं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये न बांधलेल्या इमारतीसमोर न लावलेली झाडं डोलत असतात ना, ती झाडं मी लावतो. अशा एकेका कामाचं रेंडरिंग आठ-दहा तास चालतं, त्यामुळे मशीन रात्रभर राबतं. प्रोसेसर १४२ वॉटपर्यंत खातो, ग्राफिक्स कार्ड ३२०. म्हणजे साधारण साडेचारशे वॉट. हजार वॉटच्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी उष्णता, तीही रात्रभर, एका टेबलाखाली.

ही उष्णता हवेनेही काढता येते. पण हवा बिचारी हलकी. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. म्हणून हवेवर चालणाऱ्या छोट्या पंख्यांना जीव खाऊन पळावं लागतं, आणि पाण्याच्या लूपमध्ये मोठ्या रेडिएटरवरचे सहा पंखे आरामात फिरले तरी भागतं.

आमचा वन बीएचके. बायको आयसीयूत नर्स आहे. तिची नाइट ड्यूटी असली की ती दिवसा झोपते, डे ड्यूटी असली की रात्री. मशीनला मात्र कुठलीच शिफ्ट नाही. हॉल आणि बेडरूम यांच्यामध्ये एक फ्लशचं दार, बस्स. पूर्वीच्या मशीनचे पंखे रात्री दोनला वेग घ्यायचे तेव्हा ती उशी कानावर घेऊन म्हणायची, ‘‘अरे, आयसीयूतली व्हेंटिलेटर्स याच्यापेक्षा शांत असतात!’’ बारा तास पेशंट सांभाळून आलेल्या माणसाची झोप आपल्या धंद्यापायी मोडायची, हे काही बरं नव्हे. २०२१ च्या दिवाळीत मी लूप बांधला तो यासाठी. लाइट्स वगैरे नंतरचं.

दोन वजाबाक्या

लूप बांधल्यावर लोक त्याचे फोटो काढतात. पण बांधणं हा सोपा भाग. वर्षातून एकदा तो रिकामा करून, उघडून, धुऊन पुन्हा भरायचा, ही खरी गोम. कूलंट बनवणारेही साधारण वर्षाने पाणी बदला असंच सांगतात. पण तब्येत नेमकी कुठे बिघडली आहे, हे कॅलेंडर सांगत नाही. त्यासाठी दोन वजाबाक्या कराव्या लागतात.

मी एक वही ठेवली आहे. बायकोच्या भाषेत, पेशंटचा चार्ट. एकच ठरलेलं रेंडर अर्धा तास चालवायचं आणि तीन आकडे लिहायचे: खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, चिपचं तापमान. नुसता चिपचा आकडा फसवा असतो. कारण पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि पुण्यात जानेवारीची खोली वेगळी, एप्रिलची वेगळी. म्हणून पाण्यातून खोली वजा करायची आणि चिपमधून पाणी वजा करायचं.

पहिली वजाबाकी वाढली, तर समजायचं की पाण्यातली उष्णता बाहेर पडत नाहीये. रेडिएटरवर धूळ बसली असेल, एखादा पंखा थकला असेल. दुसरी वाढली, तर चिपची उष्णता पाण्यापर्यंतच पोचत नाहीये. म्हणजे ब्लॉक चोंदलाय, नाहीतर मधली थर्मल पेस्ट वाळलीये. फंडा क्लिअर?

एरवी माझे आकडे १० आणि २७ असत. परवाच्या एप्रिलमध्ये रात्रीचे पंखे पुन्हा आवाज करायला लागले. वही काढली. खोली ३४, पाणी ४४, चिप ८४. म्हणजे पहिली वजाबाकी जागच्या जागी १०, आणि दुसरी २७ वरून थेट ४०! या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९०. मशीन जळणार वगैरे नव्हतं, तेवढी अक्कल चिपला असते. ती स्वतःच वेग कमी करते. पण पंखे चिपच्या तापमानावर बांधलेले. ते आता रात्रभर ओरडणार होते, आणि त्या आठवड्यात बायकोची नाइट चालू होती. शिवाय सोमवारी दुपारी बारापर्यंत एका क्लायंटला फायनल रेंडर द्यायचं होतं. हातात शनिवार आणि रविवार.

कल्हईचा मामला

शनिवारी सकाळी जमिनीवर जुनी चादर, वर परात, शेजारी बादली, नरसाळं आणि डिस्टिल्ड वॉटरचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. या तयारीचं बायको वर्णन करते ‘ऑपरेशन थिएटर, कॉर्पोरेशनचं’.

घरात आरओ असताना डिस्टिल्ड वॉटर कशाला, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतातच. काही मशीन्स तर चवीसाठी ते मुद्दाम ठेवतात. टँकरच्या पाण्याने बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर धरतो ना, तसला थर ब्लॉकमध्ये नको. बरं, नुसतं डिस्टिल्ड भरूनही चालत नाही. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरायला वेळ लागत नाही, आणि धातूही गंजतो. म्हणून शेवाळ आणि गंज रोखणारी रसायनं घातलेलं तयार कूलंट भरायचं. त्यात बऱ्याचदा ग्लायकॉल असतं. त्यातला एथिलीन ग्लायकॉल हा प्रकार चवीला गोडसर आणि विषारी असतो. तेव्हा निघालेलं पाणी कुंडीत ओतायचं नाही आणि घरात मूल किंवा कुत्रं असेल तर बादली उघडी टाकायची नाही.

पाणी काढलं. नळ्या कापून ओढून काढल्या. तीन वर्षं काचेसारख्या दिसलेल्या त्या पारदर्शक नळ्या आता दुधाळ झाल्या होत्या. उत्तर तिथेच मिळालं. मऊ, पारदर्शक पीव्हीसी नळी लवचीक राहावी म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात. गरम पाण्याच्या सहवासात तो हळूहळू सुटतो आणि प्रवाहाबरोबर निघतो. आता तो अडकणार कुठे? जिथे वाट सगळ्यात अरुंद तिथे. प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये तांब्याच्या इतक्या बारीक चिरा कोरलेल्या असतात, की एकेका चिरेत दोन-तीन केस जेमतेम मावतील. ब्लॉकचे स्क्रू काढले, झाकण उचललं, तर त्या चिरांवर सायीसारखा पांढरा, बुळबुळीत थर! पाणी वरच्यावर सरकत होतं आणि तांब्याला नीट शिवत नव्हतं. चाळीसचा आकडा तो हाच.

आता घासायचं. मराठी घरात वाढलेल्या माणसाचा हात तांबं दिसलं की चिंचेकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. थांबा! ब्लॉक तांब्याचा असला तरी त्यावर बहुधा निकेलचा मुलामा असतो. हा मामला कल्हईचा आहे. पितळी पातेल्याची कल्हई आपण कधी वाळूने घासत होतो का? नाही ना? तसंच हे. आंबट पदार्थ आणि खरखरीत पावडर, दोन्ही वर्ज्य. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश, तोही चिरांच्या दिशेने. ब्लॉकचं झाकण अ‍ॅक्रिलिकचं असेल तर त्याला स्पिरिट लावायचं नाही, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. शेवटची धुवणी डिस्टिल्ड वॉटरचीच.

मग रेडिएटर. अर्धा कोमट डिस्टिल्ड वॉटरने भरायचा, तोंडं बंद करायची आणि बरणी खंगाळतात तसा खंगाळायचा. पाणी परातीत ओतून बघायचं, आणि काळे कण दिसेनासे होईपर्यंत हेच करत राहायचं. मी सहा वेळा केलं. दंडात गोळे आले, त्या दिवशीची जिम वाचली. बाहेरच्या जाळीवरची धूळ ब्लोअरने उडवली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो फुकट गरगरतो आणि त्याच्या बेअरिंगची वाट लागते.

या वेळी नळ्या बदलल्या. ईपीडीएम नावाच्या रबराच्या काळ्या नळ्या घेतल्या. यात प्लॅस्टिसायझरची भानगड नाही. दिसायला अगदी गॅसच्या नळीसारख्या. काचेतून पूर्वीसारखं झळाळतं काही दिसत नाही. पण मला शोकेस नको होती, शांतता हवी होती.

एक थेंब

संध्याकाळी सातला लूप भरला. इथून पुढचा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. मदरबोर्डची आणि ग्राफिक्स कार्डची वीज तोडायची आणि एसएमपीएसला जंपर लावून एकटा पंप चालवायचा. म्हणजे कुठे गळलंच तर मशीनमध्ये करंट नसेल. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. कॅबिनेट डावीकडे-उजवीकडे कलवून हवेचे बुडबुडे टाकीत आणायचे. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, कारण पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून हेच पाणी असतं. आणि मग वाट बघायची. चोवीस तास.

‘नॉन-कंडक्टिव्ह’ असं बाटलीवर लिहिलंय ना, मग कसली भीती? भीती आहे. ताजं डिस्टिल्ड वॉटर वीज फारशी वाहून नेत नाही हे खरं, पण धातूंमधून काही दिवस फिरलं की त्यात आयन उतरतात. मग ते साधं पाणीच.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो आणि टॉर्च मारला. ग्राफिक्स कार्डच्या ब्लॉकखालच्या टिश्यूवर रुपयाएवढा ओला डाग. वर फिटिंगला लोंबणारा एक थेंब, अजून न पडलेला. बाकी सगळं कोरडं. घर शांत, पंपाची बारीक घरघर, आणि मी त्या थेंबाकडे बघत उभा. तो थेंब ज्याच्यावर पडणार होता त्या कार्डाची २०२१ मधली किंमत आठवतेय? ज्यांनी त्या टंचाईत ग्राफिक्स कार्ड घेतलं त्यांना वेगळं सांगायला नको.

पंप बंद केला, थोडं पाणी काढलं, फिटिंग उघडलं. आतलं वायसर, म्हणजे ओ-रिंग, दबून चपटी झाली होती. रबर आहे, वर्षानुवर्षं गरम पाण्यात दाबून ठेवलं की त्याची लवचिकता जाते. सुट्या ओ-रिंग्जची पुडी घरात होती. मग म्हटलं एकच कशाला, सगळ्याच बदलू. बाराही बदलल्या. फिटिंग्ज हातानेच आवळली. पान्याने पिळलं की अ‍ॅक्रिलिकमधले आटे जातात. अडीच वाजता पंप पुन्हा सुरू.

आणि मग खरा प्रश्न आला. गणित सरळ होतं. रविवारचे पहाटेचे अडीच अधिक चोवीस तास म्हणजे सोमवारचे अडीच. त्यात रेंडरचे साडेनऊ तास मिळवा. बारा वाजतात, अक्षरशः. वर फाइल तपासायला, पाठवायला वेळ शून्य. टेस्ट सहा तासांवर उरकली असती तर सगळं आरामात बसत होतं. एकदा गळालेला जोड तर दुरुस्त झालाच होता ना?

सकाळी साडेआठला बायको ड्यूटीवरून आली. पर्स ठेवता ठेवता तिने टिश्यू पेपरांची ती आरास पाहिली.

‘‘काय रे, पेशंट कसा आहे?’’

‘‘ऑब्झर्व्हेशनखाली आहे. रात्री थोडं ब्लीडिंग झालं.’’

‘‘किती तास ठेवायचंय?’’

‘‘चोवीस. पण उद्या डिलिव्हरी आहे. मी म्हणत होतो की सहा...’’

‘‘तुझी घाई पेशंटला कळते का?’’ एवढंच बोलून ती झोपायला गेली.

अकरा वाजता मी क्लायंटला फोन लावला. म्हटलं, ‘‘सर, फाइल बाराऐवजी तीनला देतो, चालेल का?’’ तिकडून उत्तर आलं, ‘‘चालेल की! मीटिंग चारला आहे.’’ आता हसावं की रडावं? ज्या बारासाठी मी दोन दिवस पोटात गोळा घेऊन बसलो होतो, ते बारा खरं तर चार होते. आपल्या किती डेडलाइन्स अशाच असतात कोण जाणे. फोन करून विचारायचं तेवढं राहून जातं.

सोमवारी पहाटे अडीच वाजता सगळे टिश्यू कोरडे होते. एकेक बोटाने दाबून बघितला. मग मदरबोर्डला वीज दिली आणि रेंडर लावलं. अर्ध्या तासाने वहीत आकडे लिहिले: खोली २९, पाणी ३९, चिप ६६. १० आणि २७. बेडरूमचं दार उघडंच राहिलं होतं. बायकोचा त्या रात्री ऑफ होता. ती गाढ झोपली होती आणि सहा पंखे फिरत असून मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

मग करायचं का?

आता तुम्ही विचाराल, इतकं सगळं करण्यापेक्षा साधा एअर कूलर बरा नाही का? खरं सांगू? बहुतेकांना बराच. एका चांगल्या एअर कूलरच्या किमतीत इथे नुसती फिटिंग्ज येतात. तो वर्षानुवर्षं चालतो, आणि देखभाल म्हणजे अधूनमधून धूळ झटकणं. मधला मार्ग हवा असेल तर बंद डब्यातले तयार लिक्विड कूलर मिळतात. त्यांच्यात पाणी भरायचंही नसतं आणि काढायचंही नसतं. काही वर्षांनी बिघडला की अख्खा बदलायचा.

कस्टम लूप घ्यायचा तो तुमची गरजच तशी असेल तर, आणि वर्षातला एक वीकएण्ड त्याच्या नावावर लिहून द्यायची तयारी असेल तर. तो वीकएण्ड घेताना हात आखडला, की लूप लगेच काही बंद पडत नाही. तो कुरकुर न करता हळूहळू चोंदत जातो आणि तुम्हाला कळतं ते पंखे ओरडायला लागल्यावर.

घेणारच असाल तर दोन-तीन गोष्टी गाठीला बांधा. तांब्याच्या ब्लॉकबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की त्यांची बॅटरी होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. फोटोत देखणं दिसणारं ते दुधी, अपारदर्शक रंगाचं कूलंट रोजच्या वापराला नको, त्यातले बारीक कण खाली बसतात. जास्तीच्या ओ-रिंग्ज घरात असू द्या, कारण रात्री दोनला कुठलंही दुकान उघडं नसतं. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

मावशींना मी मागच्या आठवड्यात हे सगळं समजावून सांगितलं. पंप, रेडिएटर, बुळबुळीत साय, सगळं. त्यांनी पोळी लाटता लाटता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे पाणी खेळतं ठेवायचं आणि भांडं वेळेवर घासायचं. यात काय नवीन?’’

खरंच, काय नवीन?